द्वंद्वाचं पान

माझ्या आत्याच्या नाकावर कायम राग, आणि मन लोण्यासारखं. शब्दकोशाच्या छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. तिथली रीत अशी, की जोडीतल्या एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, अगदी विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने छापील कागदावर पेन्सिल फिरवायची. आत्याचे जोडीदार म्हणजे मास्तर. मागच्या आवृत्तीत ‘द्वंद्व’ या शब्दावरून दोघांचं वाजलं. लढाईचा अर्थ आता कालबाह्य, तशी खूण घाला, असं मास्तरांचं म्हणणं. वर्तमानपत्रं निवडणुकीत रोज वापरतात, मग कालबाह्य कसला, असं आत्याचं. खूण छापली गेली आणि तेव्हापासून दोघांत विस्तव जाईना. मास्तर साधा स्वल्पविरामही तिच्या अंगावर फेकल्यासारखा उच्चारायचे.

नव्या आवृत्तीत ते पान आलं. मास्तर घडाघडा वाचू लागले, “मूळ अर्थ दोन-दोन, जोडी. त्यावरून दोघांतली लढाई. जुन्या कथांत ती बरोबरीच्या वीरांत होई, तिसऱ्याने मध्ये पडायचं नसे. कालबाह्य.”

आत्या चमकली. छापील कागदावर ‘आजही रूढ’ असं होतं. तिने वाकून मूळ प्रत पाहिली. तिथेही तेच, आणि मास्तरांचं बोट भलत्याच शब्दावर.

“मास्तर, दिसत नाही ना तुम्हाला?”

“मागची आवृत्ती पाठ आहे, बाई. बदल लाल शाईत असतात, ते कसेबसे दिसायचे. आता तेही दिसेनात. साहेबांना कळलं तर घरी बसावं लागेल. घरी कोण आहे माझं?”

इतक्या वर्षांनी मास्तरांची शेंडी हाती लागली होती, पण आत्याने ती ओढली नाही. ती तडक साहेबांकडे गेली. “मास्तरांना दिसत नाही, पण मागची आवृत्ती तोंडपाठ आहे. आता छापील कागद मी वाचते, ते ऐकतील. जुन्याहून वेगळं आलं की थांबवतील, मी मूळ प्रतीशी ताडून बघेन.”

“नुसतं ऐकून?” साहेब म्हणाले. “दाखवा करून. नाही जमलं तर मास्तरांना ठेवता येणार नाही.”

साहेबांसमोर आत्या पुढचं पान वाचू लागली. मास्तर गप्प. ओळीमागून ओळ गेली तरी गप्पच. आत्या घाईघाईने पुढे वाचत सुटली.

“थांबा,” मास्तर एकदम म्हणाले. “‘द्वापर’वरून थेट ‘द्वारपाल’? मधलं ‘द्वार’ खाल्लंत, बाई!”

साहेबांनी कागद ओढून पाहिला. ‘द्वार’ छापलेलं होतं. घाबरून आत्यानेच गाळलं होतं.

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेली आत्या अजून सांगते, स्वतःची चूक निघाल्याचा एवढा आनंद तिला पुन्हा कधी झाला नाही.