संस्थेत पाव्हणं कोण हाय तुमचं?

मित्रांनो, आज साताऱ्याच्या एका नर्सिंग कॉलेजात गेलो होतो. सोबत तासगावचे निवृत्त हवालदार आणि त्यांची मोठी लेक. संस्थेच्या कोट्यातली एकच जागा उरली होती आणि अर्ज केलेल्यांत तिचेच गुण सर्वांत जास्त होते.

प्रवेश देणाऱ्या साहेबांनी गुण विचारलेच नाहीत.

"संस्थेत पाव्हणं कोण हाय तुमचं?"

"आवं सायेब, मी फौजेत हुतो."

"फौजेतलं न्हाई, संस्थेतलं सांगा."

जागा संचालकांच्या भाचीला गेली.

परतताना एसटीत हवालदार म्हणाले, "धाकटीची सोयरीक संस्थावाल्यांच्या घरातच करतो. तिच्या पोरांना तरी पाव्हणं असतील."

गुणवत्तेवर मी आयुष्यभर भाषणं ठोकली. उद्या तासगावात गुणवंतांचा सत्कार आहे आणि वक्ता मीच आहे. हवालदारांची मोठी लेकही सत्कारासाठी पहिल्या रांगेत बसेल. तिच्यासमोर मी काय बोलू, सांगा.