खिंड चढायच्या आधीच सत्कार

मैत्रिणींनो, आज मलकापुरात आमच्या नवऱ्याचा सत्कार झाला. कशाबद्दल? लडाखला गाडी घेऊन जाणार म्हणून! गेलेला नाही, जाणार आहे.

फ्लेक्सवर बर्फ आणि गॉगल लावलेले, हे धरून चार मित्र. शाल, नारळ, भाषणं. "अठरा हजार फुटांवरची खिंड म्हणजे खेळ नव्हे," आमचे हे माईकवर सांगत होते. या मोहिमेत माझं काम एकच, पाच किलो चिवडा करून देणं.

बुलडाण्याला परतताना राजूर घाटात वळणावर समोरून ट्रक आला. आमच्या या मोहीमप्रमुखांनी गाडी कडेला घेतली.

"तू चालव वं, मले चक्कर येऊन राह्यली."

मी चालवली. हे शेजारी बसले, अंगावर शाल, मांडीवर नारळ, डोळे गच्च मिटलेले.

"अन् तिकडं काय करसान?"

"तिकडं आम्ही चौघं आहो ना!"

चिवड्यापुरतं मला त्यांच्या ग्रुपमध्ये घेतलंय. घरी आल्या आल्या तिथं विचारलं, "घाटात गाडी कोण चालवणार?"

चौघांनीही वाचलं. दोन तास झाले, एकाचंही उत्तर नाही.

आता तुम्हीच सांगा, चिवडा करू का?