सगळ्यांनी शोधलेली तांबी

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, आईला नाही, आणि देवापुढे हात जोडते तेव्हाही तिला वळसा घालूनच पुढे जाते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर माझ्याविषयी तुमचं मत फार चांगलं असतं — आणि नेमकं तेच मला आता सोसवत नाही.

मी शिक्षिका आहे. गारखेड्यातल्या एका खासगी शाळेत मराठी शिकवते. मला दोन मुली, म्हणून बालिका दिनाचं भाषण दरवर्षी माझंच. मी बोलायला लागले की पालकांतल्या बायका पदराने डोळे पुसायच्या, इतकी सुरेख बोलायची मी. आणि मग स्टाफरूममध्ये, चहा पिता पिता, मुलगा व्हावा म्हणून उपास धरणाऱ्या बायकांची नक्कल करून दाखवायची. त्याच बायकांची, हो. सासूबाईंनी एकदा खुलताबादच्या भद्रा मारुतीला माझ्यासाठी नवस बोलला, तर मी त्यांना जेवायच्या ताटावर ठणकावलं, "आई, माझ्या पोरी काय कमी आहेत का?" नवऱ्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. काय तो माझा थाट!

तांबी तर बसवलेलीच होती. दुसरीच्या बाळंतपणानंतर नवरा म्हणाला दोन पुरे, मीही म्हणाले पुरे. माझं बघून माझ्या धाकट्या जावेनं, वंदनानं बसवून घेतली. ती तेव्हा शेंद्र्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होती. पदरात एक मुलगी. परमनंट झाल्याशिवाय दुसरं मूल नको, हा तिचा हट्ट, आणि त्यासाठी ती नवऱ्याशी, म्हणजे माझ्या दिराशी, भांडलीसुद्धा होती. दवाखान्यात घाबरून माझा हात धरून बसली, तेव्हा मी म्हणाले, "अगं, काही होत नाही. मी बसवलीय ना?" तिचा विश्वास डॉक्टरवर नव्हता. माझ्यावर होता.

मग — इथं आले की मी मनातसुद्धा नेहमी थांबते.

मग मला मुलगा हवासा वाटायला लागला. कुणी मागितला नव्हता. मलाच हवा होता. बहिणीच्या मुलाच्या बारशाला गेले, घुगऱ्या खाल्ल्या, त्या बाळाला मांडीवर घेतलं आणि माझ्या आत काहीतरी खवळलं. ज्यांच्या मी नकला करायची त्यांच्यापेक्षा मी काय वेगळी होते? त्या निदान उघडपणे उपास धरतात. मला मुलगा हवा होता आणि तो मला नकोच होता असंही दिसायला हवं होतं. इतका कोतेपणा तुम्ही कुठं पाहिलाय?

मागणार तरी कोणत्या तोंडाने? म्हणून मी सिडकोतल्या एका दवाखान्यात गेले, जिथं मला कुणी ओळखत नव्हतं, आणि तांबी काढून आले. तिथल्या बाईंनी ती चिमट्यात धरून मला दाखवलीसुद्धा. येताना कोथिंबीर घेतली. घरी चकार शब्द काढला नाही.

पाळी चुकली आणि माझं नाटक सुरू झालं. असं कसं होईल? तांबी असताना? नवऱ्याला मेडिकलवर पिटाळलं. किटवर दोन रेघा उमटल्या आणि मी रडले. रडू खरं होतं. फक्त ते आनंदाचं होतं आणि त्याला ते भीतीचं वाटलं. डॉक्टर म्हणाल्या, तांबी असून दिवस गेले तर कधी कधी गर्भ नळीत राहतो, जिवावर बेतू शकतं, आधी सोनोग्राफी करा. तो भला माणूस बाहेर बाकावर पांढराफटक पडून बसला होता. मी आत पडल्या पडल्या पडद्यावर बाळ बघत होते. बाळ जागच्या जागी होतं. तांबी कुठंच दिसेना. नकळत पडून गेली असेल, क्वचित होतं असं, डॉक्टर म्हणाल्या. पण बाळंतपणानंतर एक्सरे काढून खात्री करून घेऊ. आणि खरंच काढला! सगळं घर माझ्या पोटात ती तांबी शोधत होतं, आणि मी मशीनपुढे सांगितल्याप्रमाणे श्वास रोखून उभी होते.

मुलगा झाला. सासूबाईंनी पेढे वाटले, म्हणाल्या, ज्याला यायचं तो असा येतो. स्टाफरूममध्ये मी काय म्हणाले असेन? "आम्ही काही ठरवलं नव्हतं हं!" मला असाच मुलगा हवा होता, मागितल्याचा डाग नसलेला.

पण एवढंच असतं तर मी सांगायला बसले नसते. माझं पोट, माझं खोटं.

माझी 'तांबी पडली' हे कळल्या दिवसापासून वंदनाची झोप उडाली. दवाखान्यात जाऊन तपासून आली. तुमची जागेवर आहे, नीट आहे, असं सिस्टरनी सांगितलं. तिला पटेना. "ताईंचीबी जागेवरच व्हती की," म्हणायची. पाळी जरा लांबली की ती किट ओढणीत लपवून माझ्याकडे यायची — सासूबाई तिच्याकडे राहायच्या, त्यांच्या नजरेला पडायला नको म्हणून. माझ्या बाथरूममध्ये जायची आणि मी दाराबाहेर उभी. आठ महिन्यांचं पोट घेऊन उभी असायची मी, नंतर बाळ खांद्यावर घेऊन. दार उघडून ती पट्टी माझ्या हातात द्यायची, कारण स्वतःच्या डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. एकच रेघ. दर वेळी एकच. मला तर दार उघडायच्या आधीच माहीत असायचं.

एकदा तिनं विचारलं, "ताई, तुमची दुसरी रेघ किती पुसट व्हती वं?"

काय बिघडलं असतं तेव्हा खरं सांगितलं असतं तर? सासूबाई हसल्या असत्या, नवरा चार महिने बोलला नसता. मी म्हणाले, "आधी दिसतच नव्हती. उजेडात धरली तेव्हा दिसली." त्यानंतर ती प्रत्येक कोरी पट्टी खिडकीशी नेऊन, डोळे बारीक करून, कितीतरी वेळ बघत बसायची.

शेवटी तिनं तांबी काढून टाकली. गोळ्या सुरू केल्या तर कामावर ओकाऱ्या व्हायला लागल्या. गोळ्या सोडल्या. माझा दीर काही जपणाऱ्यांतला नव्हे. तिला दिवस गेले, आणि पोट दिसायला लागल्यावर ठेकेदाराने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिच्याबरोबरच्या बायका पुढच्याच वर्षी परमनंट झाल्या. वंदना आता एका मेसला पोळ्या लाटून देते. दीर म्हणतो, घरी बसली ते बरंच झालं. मला त्याची किळस येते — मला! मी कुणाची किळस करायला मोकळी राहिले आहे का?

ती गरोदर असताना माझ्यापुढे बसून रडली होती. "मीच घाई केली का वं, ताई? ठिवली असती तर?" यातलं दुसरं काही नाही, निदान हे तरी मी तिच्या डोक्यावरून उतरवू शकले असते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ठेवली असतीस तरी काय भरवसा होता? माझं बघितलंस ना." ती मला बिलगली. त्या वेळी मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकते.

मुलगा आता शाळेत जातो. गेल्या महिन्यात वंदना तिच्या धाकट्या बहिणीला घेऊन आली. पोरीचं लेकरू अजून अंगावर पितं, पण तिला पोलीस भरतीला उतरायचंय. पहाटे मैदानावर पळायला जाते. तांबी बसवायची म्हणत होती. "माझं आयकंना," वंदना म्हणाली, "तुमीच सांगा हिला."

पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. "खरंच पडती का, ताई? आपल्याला कळतबी नाय?"

"हो गं," मी म्हणाले. "कळतसुद्धा नाही."

तिचा चेहरा उतरला. लेकराला सावरत ती उठली. वंदनानं तिच्या दंडाला धरलं आणि माझ्याकडे बघत हसून म्हणाली, "बघ. आता पटलं ना? ताई खोटं बोलणार हायेत व्हय?"