आत्याबाईंचं लांब नावाचं दुखणं

गंगाखेडच्या डॉक्टरांनी सासूबाईंचं पोट दाबून पाहिलं आणि चिठ्ठीवर 'गॅस्ट्रायटिस' लिहिलं. एवढं लांब नाव ऐकून त्यांनी अंथरूणच धरलं. दोन्ही नणंदांना शेवटच्या भेटीचा निरोप गेला.

माझ्या लेकीला टॉन्सिलायटिस झाला, तेव्हा नर्सबाईंनी मला समजावलं होतं, की आधी जागेचं नाव येतं आणि शेवटी 'आयटिस' आलं की तिथं सूज समजायची. पण सासऱ्यांसमोर मी बोलत नसे. शेवटी मी दाराआडून म्हणाले, "आत्याबाई, पोटाला निस्ती सूज हाय."

सासूबाई ताडकन उठून बसल्या. "गप बस! लेकी निघाल्या असतील. त्या परत जाईस्तोवर कुणाला सांगू नगंस."

नणंदा आल्यावर सासूबाई इतक्या सुरेख कण्हल्या, की मलाच शंका आली.