तिचा अर्धा पापड

शेवटचं मी आणि बायकोनं मिळून केलं ते पापड चाखणं. आमचा पोह्याच्या पापडांचा धंदा. माल वाळला की संध्याकाळी शेडमधल्या चुलीवर एक पापड भाजायचा, मोडून अर्धा तिनं खायचा, अर्धा मी. दोघांची मान हलली तरच माल पिशवीत. आमची सगळी उमर अशीच गेली.

तिचे गुडघे पार कामातून गेले होते. म्हणायची, विकून टाकू आणि गुमान बसू दोघं ओटीवर. खोपोलीचा एक जण धंदा घ्यायला तयार होता. त्याचं एकच म्हणणं, "काका, तुमच्या दोघांच्या जिभा काय मला मिळणार नाहीत. कामावरच्या बायकांनी पास केलेला माल दाखवा, मग बोलू."

म्हणून त्या संध्याकाळी तिनं आपला अर्धा पापड कशेळ्याहून कामाला येणाऱ्या बाईला दिला.

"बरा हाय," बाई म्हणाली.

मी माझा खाल्ला. "हिंग कमी हाय. ऱ्हाऊ दे माल, उद्या बघू."

"अवो, धंदा इकायचा हाय का जीभ?" बायको म्हणाली. कामावरच्या बायका फिदीफिदी हसल्या.

"तू गप गं."

तीही हसली. माल टोपल्यांत तसाच राहिला.

पहाटे हाक मारली, उठली नाही. दुपारी जाळून आलो. जेवा म्हणत होते सगळे. कशाला जेवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका शेडपुढं येऊन उभ्या राहिल्या. सुतकातला हात खायच्या मालाला लावत नाहीत आमच्यात. मी बाहेर दगडावर बसलो होतो.

"बाबा, घरी जाऊ का आमी?" कशेळ्याची म्हणाली.

"नाय. त्या टोपलीतला एक भाज."

तिनं भाजला. सवयीनं मोडलाही. मग दोन तुकडे दोन हातांत धरून रडायला लागली.

"रडू नको. खा."

"कंचा?"

"दोनी."

तिनं खाल्ले. मी तोंडाकडं बघितलं नाही तिच्या. घेणारा आता हो म्हणणार. मग ओटीवर बसायचं. एकट्यानं.

"बरा हाय, बाबा."

"हिंग?"

"हाय."

मला काय ठाव. माझ्या तोंडाला तर पाण्याचीही चव नव्हती.

"मग भरा," म्हटलं, आणि शेडकडं पाठ करून बसलो.