इंजिनाची तीट

पेंट शॉपमधले किस्से जुन्या रंगासारखे असतात. एक खरवडावा, तर खाली दुसरा निघतो! भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्यात रेल्वेची इंजिनं रंगत आणि मी त्या खात्यात कारकून होतो. म्हणजे रंग सोडून बाकी सगळ्याला जबाबदार.

*

हनीफभाई आमचे उस्ताद. निळ्या इंजिनावरचा पिवळा पट्टा ते टेप न लावता नुसत्या हातानं ओढत. त्या वेळी शॉपमध्ये कोणी शिंकतही नसे.

एकदा पट्टा अर्ध्यावर असताना जेवणाचा भोंगा वाजला. पाहणीला आलेले बडे साहेब दचकून मागं सरले आणि शेजारच्या ओल्या इंजिनाला टेकले. हनीफभाईंचा हात हलला नाही. मान न वळवता म्हणाले, "साहब, सूखने तक बैठिएगा मत!"

*

आमच्या टाउनशिपमध्ये फाटकं, स्कूटर, तुळशीवृंदावनं, सगळं इंजिनाच्या रंगाचं. उरलेला रंग कुठं जातो, हे कोणी विचारत नसे. विचारणाऱ्याचंही फाटक निळंच होतं!

वरून नवी रंगसंगती येणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, नक्की काय ते आधी सांगा. पडदे घ्यायचेत!"

*

त्या रंगसंगतीसाठी समिती बसली. रंगवलेले पत्रे भिंतीशी मांडले. तासभर चर्चा झाली. शेवटी अध्यक्ष एका पत्र्यासमोर थांबले. "यह वाला. इसमें गरिमा है."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हनीफभाई माझ्या कानाशी पुटपुटले, "बाबूजी, इस पर अभी रंग हुआ ही नहीं. सिर्फ प्राइमर है!"

*

इंजिन तयार झालं की हनीफभाई ड्रायव्हरच्या खिडकीखाली बोटानं एक काळा ठिपका लावत. बाळाला लावतात तशी तीट. तपासणीला नवीन आलेल्या सक्सेनासाहेबांना तो दिसला.

"यह धब्बा क्या है?"

"नजर न लगे, साहब."

"इंजन को किसकी नजर लगेगी?"

"पहली तो आप ही की लगी!"

साहेबांनी मेमो काढला. ड्रॉइंगमध्ये नसलेली खूण पुन्हा दिसली, तर हनीफभाईंची बदली कॉलनीच्या देखभालीला. निवृत्तीला आठ महिने उरलेले. जन्मभर इंजिनं रंगवलेल्या माणसानं शेवटी संडासाच्या दारांवर नंबर घालायचे!

मी म्हटलं, "हनीफभाई, आठ महीने मत लगाइए."

"बिना काले टीके का इंजन मैंने आज तक बाहर नहीं भेजा, बाबूजी."

*

अडचण एवढीच, की ठिपका ड्रॉइंगमध्ये नव्हता. आणि नव्या रंगसंगतीच्या ड्रॉइंगवरच्या टिपा टाइप व्हायला माझ्याकडेच आल्या. अठरा होत्या. मी एकोणिसावी घातली : 'ड्रायव्हरच्या खिडकीखाली काळा ठिपका, व्यास दहा मिलिमीटर, एक नग.'

फाइल पाच टेबलांवर फिरली. पाचही सह्या झाल्या. एका साहेबांनी तर 'काळा'च्या आधी 'चमकदार' असं स्वतःच्या हातानं वाढवलं!

*

हनीफभाईंच्या शेवटच्या दिवशी सत्कार लवकर सुरू झाला. त्या गडबडीत त्यांचं शेवटचं इंजिन तसंच तपासणीला गेलं.

भाषण चालू असताना सक्सेनासाहेब आत आले. ड्रॉइंगची गुंडाळी काखेतच होती, उघडलेलीसुद्धा नव्हती. हारात बुडालेल्या हनीफभाईंसमोर उभे राहून म्हणाले,

"इंजन फेल. टीका कहाँ है?"