सूड घेणारा जेवायला बसतो

चौथीत माझी शाळा सुटली. पुढचं वाचन माझं मीच केलं. आधी वाण्याच्या पुड्यांचे कागद, मग वर्तमानपत्र, आणि आता थोरल्या लेकाची नाटकं. थोरला उचगावला कारखान्यात लेथवर असतो, संध्याकाळी हौशी मंडळात नाटक करतो. घरी तो पाठांतराला बसला की समोरच्याची वाक्यं मी वाचायची. त्यामुळं मी आजवर राजा झाले, हवालदार झाले, एकदा तर त्याची प्रेयसीसुद्धा झाले, काय सांगायचं!

इतकी वर्षं त्याच्या वाट्याला भाला धरून उभं राहणारे शिपाईच यायचे. यंदा स्पर्धेच्या नाटकात पहिल्यांदा नायक मिळाला. नाटक सुडाचं. गावचा पाटील नायकाच्या भावाला मारतो. पहिल्या अंकात नायक चितेपुढं शपथ घेतो, ह्याला सोडणार नाही. दुसऱ्या अंकात त्याच पाटलाच्या घरी जेवतो, हसतो, गप्पा मारतो. तिसऱ्यात त्याला मारतो आणि स्वतःही मरतो.

थोरला दुसऱ्या अंकात अडकला. दिग्दर्शक म्हणजे एक निवृत्त मास्तर. त्यांनी बजावलं, "तुझ्यात मला दोन वेगळी माणसं दिसतात. रविवारपर्यंत जमव, नाहीतर भूमिका दुसऱ्याला देतो."

शनिवारी सकाळी तो स्वयंपाकघरात येऊन बसला. "आई, लिहिणाराच चुकलाय बघ. भावाला मारल्याल्याच्या घरात कोण हसत जेवतंय व्हय?"

"तू कसं करतोस ते दाव की."

त्यानं करून दाखवलं. तोंड हसतंय आणि डोळे वटारून भिंतीकडं बघतोय. आतला राग लोकांना कळावा म्हणून.

"पोटात दुखतंय काय रं त्याच्या?"

"थट्टा नगं आई. हिकडं माझा रोल चाललाय हातचा."

मग मी त्याला शेजारणीचं सांगितलं. हा तेव्हा पाळण्यात होता. शेजारणीच्या पोरीचे पैंजण हरवले आणि तिनं गल्लीत ओरडून माझं नाव घेतलं. पैंजण नंतर तिच्याच पेटीत सापडले, पण चुकलं म्हणायला काही ती आली नाही. तिच्या दारात पाय ठेवणार नाही, अशी मी शपथच घेतली. वर्षाच्या आत तिचा नवरा गेला. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजाऱ्यांनी कडू घास न्यायचा असतो. मी पिठलं-भाकरी घेऊन गेले. ती तोंड उघडंना, तर हातानं भरवली. दोन घास गिळले आणि म्हणते कशी, "भाकरी लई जाड थापतीस बाई!" मला हसू आलं, रडता रडता तीही हसली.

"आन् तुझा राग?" थोरल्यानं विचारलं.

"हुता की! ती पोरगी तेच पैंजण वाजवत घरभर फिरत हुती. ऐकलं की डोस्कं फिरत हुतं माझं."

"मग खरं कुठलं?"

"दोन्ही खरं. घास खोटा भरवला असता तर तिनं गिळला असता व्हय?"

तो चहा तसाच टाकून उठला.

रविवारी तालमीला मीही गेले, मागच्या खुर्चीवर बसले. थोरला पाटलापुढं मांडी घालून बसला. भिंतीकडं बघणं नाही, डोळे वटारणं नाही. भाकरी मोडली, अर्धी पाटलाच्या ताटात ठेवली आणि म्हणाला, "पाटील, ठेचा हाय काय?" पाटील झालेला माणूस खरंच हसला आणि पुढचं वाक्य विसरला. थोरलाही हसला, अगदी घरच्यासारखा. माझ्या मात्र अंगावर काटा आला, कारण आता हा त्याला मारणार, हे मला ठाऊक होतं.

तिसरा अंक संपला, मास्तर उठून पुढं आले. थोरला घाम पुसत उभा. मग ते म्हणाले, "आज एकच माणूस दिसला. भूमिका तुझी. पण ठेचा कुणी मागायला सांगितला? लिहिलेल्यात नाही तो."

थोरल्यानं माझ्याकडं बोट केलं. मी कशाला सांगतेय? त्याचं त्यालाच सुचलेलं!

"राहू दे तो," मास्तर म्हणाले. "बाई, प्रयोगाला खरा ठेचा लागेल. बेतानं तिखट करा, पाटलाला पुढं बोलायचंय."

मी बरं म्हटलं.